संपादक बदलला, पण वाचणाऱ्याला सांगितलं कोणी?

हा अंक ज्याच्या हातात पडेल आणि ज्याला वाचता येतं त्याने तो पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा. जंगल प्लॉटच्या पंचनाम्यांचं या वेळी मागे ठेवलं आहे, ते पुढच्या अंकात. आधी पेपरचं बोलायचं आहे. पेपरचं म्हणजे आपल्याला काय, असं म्हणून कोणी उठून जाऊ नये. शेवटपर्यंत ऐका, त्यात खाचराचीच गोष्ट आहे.

आपल्या भागात सकाळच्या पहिल्या एसटीने जे चार पानी दैनिक येतं, त्याचा संपादक बदलला. नक्की कोणत्या दिवशी बदलला ते आम्हाला सांगता येत नाही, कारण पेपराने ते कोणाला सांगितलंच नाही. गौरी गेल्या त्या आठवड्यात शेवटच्या पानाच्या तळाशी जी बारीक अक्षरातली ओळ असते, मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, त्या ओळीत नाव दुसरं आलं. आदल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. मध्ये दोन ओळींचा खुलासा नाही. गेले ते का गेले, आले ते कोण, काही नाही. आपल्या आश्रमशाळेतल्या दहावीच्या एका पोराने ते पाहिलं आणि आम्हाला येऊन विचारलं. आम्ही शहाणे, आम्ही त्याला म्हणालो, छपाईची चूक असेल.

चूक नव्हती. आठ दिवसांत पेपरची भाषा बदलली. आधी लिहायचे "जंगल जमीन कसणारे आदिवासी", आता "अतिक्रमणधारक". आधी "एकसाली प्लॉटधारकांचं गाऱ्हाणं" म्हणून बातमी यायची, आता "वनजमिनी बळकावण्याचे प्रकार". रेंज ऑफिसवर आपण मोर्चा नेला तो दिवस आठवा. सकाळी नऊला बसलो, चारला उठलो. बायांनी भाकरी तिथंच सोडल्या. दगड सोडा, कोणी मोठ्याने शिवीसुद्धा दिली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? "रेंज कार्यालयावर जमाव चालून गेला." आणि ते कात्रण पुढे कुठे गेलं? तेरा जणांवर जी चॅप्टर केस लावली आहे तिच्या कागदांना ते जोडलेलं आपल्या वकिलांनी स्वतः पाहिलं. म्हणजे आधी पेपराने लिहायचं जमाव, मग पोलिसांनी पेपर दाखवून म्हणायचं, बघा, जमाव होता. ज्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड मागताहेत त्यातले बारा जण तर निरक्षर आहेत. त्यांना तो पेपर वाचताही येत नाही.

खोटी खबर आपल्याला किती महाग पडते हे या जिल्ह्याला नवीन नाही. 1945 सालच्या ऑक्टोबरात तलवाड्याला आपली हजारो माणसं जमली ती एका खोट्या निरोपावर. गोदावरीबाईंची सभा आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या, असा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत फिरवला. बाई तिथं नव्हत्याच. पोलिसांना मात्र आधीच सांगून ठेवलं होतं की वारली हत्यारं घेऊन येताहेत. गोळी चालली आणि पाच माणसं मेली, त्यात जेठ्या गांगड. तेव्हा आपल्यात कोणी पेपर वाचत नव्हतं, निरोप तोंडानेच फिरायचा. पण निरोप कोण देतो हे विचारायला पाहिजे, एवढं आपल्या बापजाद्यांनी रक्त सांडून शिकून ठेवलं आहे.

आम्ही पेपरच्या कचेरीत गेलो. पाच जण होतो, तीन बाया दोन पुरुष. खिळे जुळवणारा माणूस ओळखीचा, त्याने पाणी दिलं आणि मान खाली घातली. नव्या संपादकांच्या खुर्चीत मालकांचे पुतणे बसले होते. चांगले बोलले, चहा मागवला. आम्ही मोर्चाच्या बातमीवर खुलासा लिहून नेला होता, एक पान. त्यांनी तो पेपरवेटखाली ठेवला. तो अजून तिथंच असावा, छापून तर आला नाही. मग आम्ही विचारलं, जुने संपादक का गेले? ते म्हणाले, प्रकृतीचं कारण आहे. आम्ही जुन्या संपादकांच्या घरी गेलो तर गृहस्थ अंगणात लाकडं फोडत होते. प्रकृती ठणठणीत. त्यांनी एवढंच सांगितलं की संध्याकाळी अंक छापायला गेल्यावर मालकांनी बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. याहून जास्त लिहू नका अशी त्यांनी विनंती केली. त्यांना मुलं आहेत, आम्ही लिहीत नाही.

श्रमिक पत्रकारांसाठी 1955 सालचा कायदा होता. संपादकाला कामावरून कमी करायचं तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी असं त्यात लिहिलं होतं. इथं सहा तासांचीही दिली नाही. लिहिणाऱ्याची ही गत, तर आपली काय असणार.

आता मालकांची बाजू. ती त्यांनी बाजारात, गुत्त्यावर, सगळीकडे सांगितली आहे, म्हणून आम्हीही सांगतो. ते म्हणतात, पेपर माझा, छापखाना माझा, कागदाचे पैसे माझे. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं ते मी ठरवणार. हे आदिवासी संघटनावाले मला विचारणारे कोण?

मालकसाहेब, छापखाना तुमचा आहे, ते आम्हाला मान्य. पण तुमचा पेपर काय नुसत्या तुमच्या पैशांवर चालतो? पानभर सरकारी जाहिराती असतात, टेंडरं असतात, कोर्टाच्या नोटिसा असतात. ते पैसे सरकारी तिजोरीतून येतात, आणि त्या तिजोरीत आमच्या काडेपेटीचा, रॉकेलचा कर आहे. किराणा दुकानदाराने नोकर बदलला तर आम्ही विचारत नाही. पण त्याने तांदळात खडे मिसळायला सुरुवात केली तर विचारतो की नाही? आणि तुमच्या पेपरला तर कायद्याने एक काम दिलं आहे, जे कोणत्याही किराणा दुकानाला दिलेलं नाही. त्याचं पुढे बोलू.

संपादक पूर्वीही बदलले आहेत. मालकाचं आणि संपादकाचं, नाहीतर दोन संपादकांचं पटलं नाही असं पूर्वीही झालं आहे. केसरी 1881 साली निघाला तेव्हा आगरकर संपादक होते. टिळकांचं आणि त्यांचं समाजसुधारणेवरून पटेना, तर 1887 साली आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढला. दोघांमधलं भांडण कडू होतं. पण ते कशावरून होतं हे वाचणाऱ्या माणसाला कळत होतं. एकाने एक म्हटलं, दुसऱ्याने दुसरं, ज्याला जे पटलं ते त्याने घेतलं. त्याला आम्ही भांडण म्हणतो. रात्री नाव खोडून सकाळी दुसरं लिहिणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मोठ्या पेपरातही असं झालं आहे. दिल्लीच्या हिंदुस्तान टाइम्सचे संपादक बी. जी. वर्गीस. सरकारला न आवडणारं लिहायचे. 1975 साली बिर्ला मालकांनी त्यांना काढलं. प्रकरण प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं होतं. मग आणीबाणीत सरकारने प्रेस कौन्सिलच मोडून टाकलं. फिर्याद ऐकणारी कचेरीच बंद. बिर्ला कुठे आणि आमचे चार पानवाले कुठे, पण रीत तीच. फरक एवढाच की दिल्लीचा संपादक काढला तर देशभर बोंब होते, आपल्याकडचा काढला तर एसटी स्टँडवरच्या चहावाल्याशिवाय कोणी बोलत नाही.

मग आम्ही एक काम केलं, जे आधीच करायला हवं होतं. दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर जो पहिला अंक निघायचा त्यात प्रत्येक पेपरला एक निवेदन छापावं लागायचं, फॉर्म चार म्हणायचे त्याला. पेपर कुठे छापतो, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, आणि मालकीत ज्यांचा शेकडा एकाहून जास्त वाटा आहे अशा सगळ्यांची नावं त्यात द्यावी लागायची. कोणी वाचत नसे, म्हणून कोपऱ्यात छापायचे. ग्रंथालयात जाऊन आम्ही मार्चचा अंक काढला आणि त्याच्या आदल्या वर्षीचाही. आदल्या वर्षी एकच मालक होता. या मार्चमध्ये त्याच्याखाली आणखी एक नाव. ते नाव आम्ही इथं छापत नाही, पेपरानेच छापलं आहे, ज्याला बघायचं त्याने जाऊन बघावं. आपल्याकडे त्या माणसाला गवताच्या वखारीवाले शेठ म्हणून ओळखतात. तुमच्या आमच्या आयांनी त्यांच्या गवताचे भारे वाहिले आहेत. मार्चमध्ये भागीदार आला, सप्टेंबरात संपादक गेला. आम्ही जास्त काही म्हणत नाही, दोन तारखा फक्त शेजारी शेजारी ठेवतो.

आणि तो जो कायदा होता, पेपर आणि छापखान्यांचा, 1867 सालचा, इंग्रजांच्या वेळचा, त्यात संपादक कोणाला म्हणायचं तेही लिहिलं होतं. पेपरात काय छापायचं याची निवड ज्याच्या हातात, तो संपादक. आता सांगा, खरा संपादक कोण? खुर्चीत बसलेला पोरगा की वखारीतला?

आता खाचराची गोष्ट.

वरच्या दोन पाड्यांच्या खाली ओहोळावर लघुपाटबंधाऱ्याचं धरण बांधायचं चाललं आहे हे आपण दोन वर्षं ऐकतो आहोत. मोजणीवाले येऊन खुंट्या मारून गेले. गावाने विचारलं की सांगायचे, अजून काही ठरलेलं नाही. सरकारला जमीन घ्यायची असेल तर 2013 सालापर्यंत 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 4 खाली जाहीर करावं लागायचं. ते गॅझेटात छापायचं, गावात नोटीस लावायची, आणि 1984 साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापायचं, त्यातलं एक तरी तिथल्या भाषेत. त्यानंतर तीस दिवस. तीस दिवसांत जमीनवाल्याने लेखी हरकत घेतली तर कलेक्टरला त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागायचं. तीस दिवस गेले की तो दरवाजा बंद व्हायचा. मग फक्त पैशांचं बोलायचं, जमिनीचं नाही.

कायद्याने पेपरला दिलेलं काम म्हणतो ते हे. तुझी जमीन जाते आहे हे शेतकऱ्याला कळावं म्हणून सरकार पेपरला पैसे देतं.

जुन्या संपादकांची एक रीत होती, ती फार कोणाला माहीत नाही. आपल्या गावांची नावं असलेली नोटीस छापायला आली की ते आपल्या बाजूच्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचे. "अमुक गावाचे गट नंबर आले आहेत, अंक बघा." एवढंच. मालकांचं त्यात काही नुकसान नव्हतं, नोटीस छापूनच येणार होती. पण त्या चिठ्ठीमुळे मागे दोन वेळा आपण वेळेवर हरकती दिल्या.

या वेळी चिठ्ठी आली नाही. नोटीस आतल्या पानावर, टेंडरांच्या मध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात छापली गेली. गावात लावली म्हणतात, तर ती तलाठ्याच्या कचेरीच्या आतल्या भिंतीवर, आणि तलाठी तीन गावांचा, कचेरीला कुलूप. आणि दिवस कोणते? हळव्या भाताची कापणी. या दिवसांत माणूस खाचर सोडून उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे वखारीवाल्यांना माहीत नाही असं समजू नका.

आपल्याला कळलं कसं? वरच्या पाड्यातल्या एका बाईने बाजारातून सुकट आणली. ज्या कागदात बांधून आणली त्यावर तिच्या मुलीला आपल्या गावाचं नाव दिसलं. मुलगी चौथीत आहे. तिने एकेक आकडा वाचला आणि बाप म्हणाला, हा तर आपलाच गट नंबर. तेव्हा एकोणीस दिवस होऊन गेले होते. सुकटीचा वास लागलेला तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

म्हणून पेपरचा संपादक बदलला ही शहरातल्या लोकांची भानगड नाही. एक माणूस खुर्चीतून उठवला आणि सत्तावीस घरांच्या तीस दिवसांतले एकोणीस गेले.

कोणी म्हणेल, चिठ्ठी पाठवणं ही त्या गृहस्थांची मेहेरबानी होती, नव्या माणसाने ती केली नाही तर त्याचा काय गुन्हा? बरोबर आहे. आम्ही त्याला गुन्हा म्हणतच नाही. पण हीच आमचीही चूक आहे आणि ती कबूल करायला पाहिजे. एका चांगल्या माणसाच्या चिठ्ठीवर आपण सगळं टांगून ठेवलं. ते होते म्हणून आम्ही पेपर विकत घेणंही सोडलं होतं. कचेरीत जाऊन फुकट वाचायचो, आपल्या मोर्चाची बातमी आली की कात्रण कापायचो, कार्यकर्त्यांची नावं बरोबर आहेत की नाही ते बघायचो आणि खूश व्हायचो. मागचं पान, नोटिसांचं पान, कोणी उलटायचं नाही. आपलं नाव वाचायला सगळ्यांना आवडतं, गट नंबर वाचायला कंटाळा येतो.

बाबासाहेबांनी 1920 साली मूकनायक काढला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटलं तर केसरीने छापली नाही. तेव्हा दुसऱ्याच्या पेपरात जागा मागत बसण्यात अर्थ नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर स्वतःचा काढला. पण पुढे ते शिकायला लंडनला गेले आणि मागे मूकनायक फार दिवस टिकला नाही. 1927 साली बहिष्कृत भारत काढून पुन्हा सुरुवात करावी लागली. म्हणजे पेपर आपला असला तरी तो एका माणसावर उभा असेल तर धोका आहेच. आपली ही पत्रिका तरी काय मोठी आहे? स्टेन्सिल फाटली की अंक लांबतो, आणि स्टेन्सिल कापायला एकाच जणाला येतं. तो हिवतापाने पडला तेव्हा दोन महिने अंक नव्हता, आणि का नाही हे आम्हीही कोणाला कळवलं नाही! मालकांना बोल लावताना हेही लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यापासून दोन बायांना स्टेन्सिल कापायला शिकवायचं ठरलं आहे.

बातमीदारांबद्दल एक शब्द. आपल्या तालुक्याचा बातमीदार तोच आहे, तो बदललेला नाही. त्याला ओळीमागे पैसे मिळतात आणि तो जे लिहून पाठवतो ते वर बदललं जातं. मोर्चाच्या दिवशी तो आपल्याबरोबर उन्हात बसला होता. त्याने लिहिलेलं आणि छापून आलेलं वेगळं होतं. बाजारात काही पोरांनी त्याची सायकल अडवून त्याला शिव्या दिल्या, ते चुकीचं केलं. ज्याच्या हातात काही नाही त्याला अडवून काय मिळणार? अडवायचं तर वखारीसमोर जाऊन उभं राहायची हिंमत पाहिजे.

पेपरकडे आपलं मागणं मोठं नाही. जुन्या संपादकांना परत घ्या असं म्हणायला आपण त्यांचे मालक नाही आणि ते स्वतःही येतील असं वाटत नाही. आपलं म्हणणं एवढंच की संपादक का बदलला ते पहिल्या पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापा. मोर्चाच्या बातमीवरचा आमचा खुलासा पेपरवेटखालून काढून छापा. आणि ज्या गावाची जमीन घ्यायची नोटीस असेल त्या गावाचं नाव जाड ठशात टाका, त्याला जास्त शाई लागत नाही. हे नाही केलं तर प्रेस कौन्सिलकडे लेखी तक्रार जाईल. दिल्ली लांब आहे, पण पोस्टाचं तिकीट आपल्याला परवडतं.

आणि आपण आपल्यासाठी असं ठरवलं आहे. गटागटाने वर्गणी काढून रोज एक अंक विकत घ्यायचा. तो बाजाराच्या दुकानात नाही, बालवाडीच्या कुडाच्या भिंतीला टांगायचा. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेल्या पोरांनी, नसतील तर बालवाडीच्या बाईंनी, आधी मागचं पान वाचायचं, मग पुढचं. गावाचं नाव दिसलं की त्याच दिवशी निरोप. कंडक्टरची वाट बघायची नाही.

आज हे लिहिताना नऊ दिवस उरले आहेत. गॅझेटाची, पेपरची आणि गावातल्या नोटिशीची तारीख वेगळी असली तर कोणती धरायची यावर वकील वाद घालतील ते घालू देत. आपण पेपरची धरून चालू, म्हणजे उशीर झाला असं कोणाला म्हणता येणार नाही. हरकतीचे अर्ज लिहून तयार आहेत. दोन्ही पाड्यांतल्या प्रत्येक खातेदाराने, आणि जिथं सातबारावर मेलेल्या बापाचं नाव आहे तिथं सगळ्या वारसांनी, बहिणींसकट, येत्या सोमवारी दुपारी बारापर्यंत बालवाडीत येऊन सही किंवा अंगठा करावा. सातबाराचा उतारा असेल तर आणावा, नसेल तर तसंच यावं, गट नंबर आमच्याकडे त्या कागदावर आहेत. मंगळवारी सकाळच्या पहिल्या एसटीने सगळे मिळून प्रांत कचेरीत जाऊ आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊ. शिक्का आणि तारीख दोन्ही बघितल्याशिवाय कोणी खिडकी सोडू नये. ज्यांचं भात कापायचं राहिलं आहे त्यांच्या खाचरात रविवारी खालच्या पाड्याची माणसं येतील, विळा आपापला आणावा.